कॉफीच्या चक्कीला बसवलेला टायमर

नाना,

आमच्या घरात आता एक चक्की आहे, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. जळगावात, पिंप्राळ्याच्या या घरात, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी ती उभी असते. उंचीला दुधाच्या किटलीएवढी, पण उचलायला गेलं की हात खाली ओढला जातो. तिच्यात गहू नाही, बाजरी नाही, फक्त भाजलेल्या कॉफीच्या बिया दळतात, त्याही एका वेळी मूठभर. आत पोलादाची दोन दातेरी चाकं आहेत, वरचं स्थिर आणि खालचं फिरणारं. तुमच्या गिरणीत दगड होते, इथे पोलाद आहे, बाकी बरंचसं तेच. तुम्ही असता तर झाकण काढून आधी वास घेतला असता आणि दाणा जळालाय म्हणून परत पाठवला असता. आई मध्यंतरी भावाकडून, धुळ्याहून, आली होती. नातवाच्या मागे उभी राहून तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हाई काय दयी राह्यना रे, करपेल चना?’ करपलेले चणेच दळतोय असं वाटलं तिला. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून ते लक्षात राहिलं.

चक्की माझ्या मुलाची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. तो पुण्याला नोकरीला होता. होळीच्या सुमाराला त्याच्या कंपनीने माणसं कमी केली आणि त्यात याचा नंबर लागला. दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन आला. बॅगा बसच्या टपावर टाकल्या होत्या, खोकं मात्र पुण्यापासून मांडीवर. त्या खोक्यात ही चक्की आणि कॉफीचं छोटं मशीन. पहिले काही दिवस आम्हीही म्हटलं, दमलाय, झोपू दे. मग एका सकाळी माझ्या तोंडून गेलं की असा किती दिवस बसणार आहेस, कोणाला फोन तरी कर. मोठ्याने नाही बोलले, रागाने तर नाहीच. तो उठला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर जवळपास आठवडाभर मी ताट दाराशी ठेवत होते आणि रिकामं उचलत होते. कधी रिकामंही नसायचं. रात्री कळायचं नाही, तो झोपलाय की जागा आहे, आणि मी दाराला कान लावून उभी राहायचे. यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तू टोकू नकोस. तुझं बोलणं संपतं आणि त्याचं दार लागतं.’ तेव्हापासून या घरात मी शब्द मोजून वापरते. दूध उतू गेलं तरी आधी गॅस बंद करते, मग बोलते, आणि पुष्कळदा बोलतच नाही.

त्याला खोलीबाहेर आणलं ते या चक्कीने. सकाळी तो येऊन बिया वजनकाट्यावर मोजायचा, दळायचा, मशीनमध्ये घट्ट दाबून बसवायचा आणि देवाच्या तीर्थाएवढी कॉफी माझ्यासमोर ठेवायचा. मी ती औषधासारखी प्यायचे आणि नंतर गुपचूप चहा टाकायचे. पण त्या वेळात तो बोलायचा. त्याची अडचण अशी होती की चक्कीला एकच बटण, चालू आणि बंद. किती वेळ दळायचं ते तो मनात मोजायचा, आणि मोजणी चुकली की सगळं पुन्हा. जास्त दळलं गेलं की कॉफी नीट उतरत नाही, कमी पडलं की पाणचट होते, असं तो म्हणायचा, मला दोन्ही सारख्याच कडू लागायच्या. त्याच्या मनात आलं की चक्कीला टायमर बसवायचा, म्हणजे ठरलेल्या सेकंदांनी ती आपली आपण थांबेल. यांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘एकाच ओट्यावर चहाची साखर तुझ्या आईच्या चिमटीवर आणि कॉफी सेकंदाच्या काट्यावर.’ एका संध्याकाळी तो स्कूटर काढून बाजारात गेला आणि काडेपेटीएवढा एक बोर्ड, लाल आकडे दाखवणारा, आणि थोडी वायर घेऊन आला. महिन्याभरानंतर घराबाहेर पडला होता. मला त्या बोर्डाला नमस्कार करावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी रजेवर होते, तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘आई, तो टेस्टर देशील?’ तो टेस्टर म्हणजे तुम्ही दिलेला. मला जळगावला कचेरीत नोकरी लागली तेव्हा आईने साडी घेतली आणि तुम्ही पिवळ्या मुठीचा टेस्टर घेतलात. आई कपाळाला हात लावून म्हणाली होती, पोरगी कचेरीत चालली का वायरमन व्हायला? तुम्ही स्टँडवर बस सुटायच्या आधी खिडकीतून हात घालून तो माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात नीट बसलाय का ते पाहिलंत. तोच टेस्टर मी त्याच्या हातात दिला. त्याने चक्कीचा खालचा पत्रा उघडला. मी समोर बसून लसूण सोलत होते, सोललेला पुरेसा झाला तरी सोलत होते. विजेच्या वस्तूत हात घालणारं पोर आणि समोर न बोलता बसलेली मी. पिन काढलीस का, हे जिभेवर आलं होतं. मान वळवून पाहिलं तर त्याने पिन काढून वायर गळ्यात टाकली होती, दिसेल अशी. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्या एका गोष्टीवर मी त्याच्यावर सगळा विश्वास टाकून दिला.

संध्याकाळपर्यंत टायमर बसला. कसा चालतो ते त्याने मला समजावलं. चक्कीचं बटण दाबलं की बोर्डाला वीज मिळते, तो जागा होतो, ठरलेली सेकंदं मोटर फिरवतो आणि थांबवतो. पुन्हा दळायचं असेल तर बटण बंद करायचं आणि परत चालू. त्याने बटण दाबलं, लाल आकडे उलटे धावले, चक्की घरघरली आणि शून्यावर गप्प झाली. वाटीतली पूड काट्यावर ठेवली, जेवढी हवी तेवढीच. त्याने वडिलांना फोन करून सांगितलं. स्वतःहून केलेला पहिला फोन. मी मान डोलावत होते. त्याने सांगितलेलं सगळं मला समजलं होतं, आणि तरी जे समजायला हवं होतं ते त्या वेळी लक्षात आलं नाही. मी, तुमची मुलगी असून.

कारण मी ते पाहिलेलं आहे. मी नववीत आहे, धुळ्याच्या पुढे आपल्या गावातल्या गिरणीत शाळेतून परस्पर आलेली. लाइट गेलीय. दारात बायका डबे नि पाट्या घेऊन बसल्यात, एकीचं मूल पिठाच्या ढिगात बोटं उठवतंय. लाइट गेली म्हणून तुम्ही कधी बसून राहत नाही. चालू गिरणीत जे करता येत नाही ते सगळं तुम्ही त्याच वेळात उरकून घेता, दगड झाडणं, तेल घालणं, सरकलेला पट्टा चढवणं. स्टार्टरचा दांडा लाइट गेली की आपोआप खाली पडतो आणि कोणी वर ओढल्याशिवाय गिरणी सुरू होत नाही, ती त्याची राखण आहे. पण लाइट आल्यावर तेवढाही वेळ फुकट जाऊ नये म्हणून तुम्ही तो सुतळीने वर बांधून ठेवलाय. गावात बठ्ठे, सगळेच, तेच करायचे, विहिरीवरच्या मोटारीसुद्धा तशाच बांधलेल्या. तुम्ही डाव्या हाताने पट्टा पुलीवर ओढताय आणि मी पलीकडे उभी आहे. मला आधी ऐकू आला तो बायकांचा गलका, ‘आली, आली’. लाइट आल्यावर माणसं ओरडतात तसा, आनंदाचा. मग पट्ट्याचा आवाज. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही हात छातीशी धरून खाली बसलात आणि दारातला गलका हळूहळू थांबला. दोन बोटं गेली. आजही कॉलनीत लाइट आल्यावर पोरं ‘आली’ म्हणून ओरडली की माझे हात आपोआप मागे येतात, आणि हे का होतं ते मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर तुम्ही सुतळी कापलीत. मग यंत्राला हात लावायच्या आधी फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायची पद्धत सुरू केलीत. पट्ट्यावरचं पीठ झटकायचं असलं तरी फ्यूज खिशात. लाइट तर गेलेलीच आहे, मग फ्यूज कशाला काढता, असं कोणी हसून विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘लाइट काय सांगीसन येस का?’ पुढच्या वर्षी मी एकदा तसाच पट्टा झटकला, फ्यूज न काढता. तुम्ही दारातून जे ओरडलात ते पाराजवळ ऐकू गेलं असेल. मोटरच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाचा तो गळा. मी सगळ्या बायकांसमोर रडले, घरी आले, रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही तुमच्याशी बोलले नाही. आईने तुम्हाला सांगितलं, पोर रुसलीय, दोन शब्द गोड बोला. तुम्ही ताटावर बसलेले. तिला म्हणालात, ‘रुसनी ते रुसू दे. बोटं ते शाबूत शेतस ना.’ आणि भाकरी मोडलीत. त्या वेळी मला वाटलं होतं, या माणसाला मुलीपेक्षा स्वतःचं खरं ठरल्याचं सुख मोठं आहे.

आता परवाची गोष्ट. शनिवार, कचेरीला सुट्टी, दुपारची वेळ. जळगावचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. कूलर चालू होता आणि अचानक लाइट गेली, सगळी कॉलनी एकदम गप्प झाली. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघरातून आटे उलगडल्याचा आवाज आला, पोलादावर पोलाद फिरल्यासारखा. मी घडी तशीच हातात धरून दारापर्यंत गेले. त्याने थोड्या वेळापूर्वी कॉफी दळली होती, ती मनासारखी झाली नव्हती, आणि लाइट गेलीच आहे तर चक्की साफ करून घेऊ असं त्याने ठरवलं असणार. वरचं चाक काढून फडक्यावर ठेवलेलं. त्याची दोन बोटं आत होती, खालच्या चाकाच्या दातांत अडकलेली पूड तो नखाने काढत होता. जिभेचं टोक बाहेर, लहानपणी चित्र रंगवताना असायचं तसं. पिन भिंतीत होती. भिंतीवरचं बटण चालू. आणि चक्कीचं बटण खाली दाबलेलं.

मला सगळं एकदम दिसलं. टायमर नव्हता तेव्हा चक्की थांबवायची तर बटण बंद करावंच लागायचं. आता ती आपली आपण थांबते, मग हात बटणाकडे जाईलच कशाला? बटण चालूच राहिलं होतं. बोर्ड वीज मिळायची वाट पाहत होता, आणि ती बटणातून मिळाली की तारांतून परत आली, हे त्याला ओळखता येत नाही. लाइट आल्या क्षणी ते खालचं चाक ठरलेली सेकंदं फिरलं असतं. माझ्या पोराने चार दिवसांपूर्वी, माझ्यासमोर, मी लसूण सोलत असताना स्टार्टरला सुतळी बांधली होती.

बोलायला एक शब्द पुरे होता. मी तोंड उघडलंही. त्याच क्षणी मला आठवडाभराची ती ताटं दिसली, ते बंद दार दिसलं. मी ओरडले की तो दचकेल, मग माझ्याकडे पाहील, मग त्याला वाटेल की हिचा माझ्यावर एवढ्याशा कामाचाही भरवसा नाही. एवढं सगळं माझ्या डोक्यात गेलं, नाना, आणि मी वळले. बाहेरच्या खोलीतून, घड्यांच्या ढिगाला वळसा घालून, पॅसेजमध्ये गेले. मीटरचा डबा दाराच्या वर आहे आणि खाली चपलांचं स्टँड. ते सरकवायला गेले तर पाय अडकला, चपला खाली पडल्या. आत आवाज गेला असेल म्हणून मी तेवढ्यातही थांबून कानोसा घेतला. मग टाचा उंचावून मेन स्विच खाली ओढला आणि हात तिथेच धरून उभी राहिले. थोड्याच वेळात शेजारच्या कूलरने घरघर सुरू केली आणि गल्लीतली पोरं ओरडली, ‘आली, आली’. आमचं घर शांत होतं.

तो बाहेर आला. बोटांना तपकिरी पूड लागलेली, दहाही बोटं. म्हणाला, शेजारी आली, आपलीच का नाही आली? मग त्याने माझा वर धरलेला हात पाहिला, खाली पडलेल्या चपला पाहिल्या.

‘तू बंद केलीस?’

‘चक्कीचं बटण बघ,’ मी म्हटलं.

तो आत गेला. मी मागे गेले नाही. परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं आणि तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. म्हणाला, बोर्ड लाइट आल्या आल्या सुरू झाला असता. मी हो म्हटलं. त्याने विचारलं, तुला ते दिसलं होतं का? मी पुन्हा हो म्हटलं.

‘मग बोलली का नाहीस?’

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. तो खरंच विचारत होता, लहान मूल विचारतं तसं. मी म्हटलं, घाईत सुचलं नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग मीटरच्या डब्याकडे, आणि मधलं अंतर डोळ्यांनी मोजत हळूच म्हणाला, ‘तिथून इथपर्यंत चालत आलीस? आणि मध्येच आली असती तर?’

आम्ही दोघंही तिथेच, विखुरलेल्या चपलांमध्ये, जमिनीवर बसलो. मेन बंदच होता, घरात उकडत होतं. मी त्याला तुमच्या बोटांचं सांगितलं. त्याने तुमचा एकच फोटो पाहिलाय, त्यात तुम्ही डावा हात धोतराच्या सोग्याखाली घेतलाय. तो त्याला ऐट समजत होता. त्याने विचारलं, आजोबांनी मग गिरणी बंद केली का? मी म्हटलं, हाताची पट्टी सुटायच्या आधी सुरू केली. तो उठला, पिन काढून आणली, माझ्या मांडीवर ठेवली आणि चक्की पुन्हा उघडायला बसला. रात्रीपर्यंत त्याने बोर्ड बदलून असा केला की लाइट आली तरी तो नुसता जागा राहतो आणि वेगळी कळ दाबेपर्यंत मोटरला हलू देत नाही. मला बोलावून मेन बंद-चालू करून दाखवलं, पुन्हा पुन्हा, चक्की रिकामी ठेवून. हे घरी आले तेव्हा आम्ही दोघं अंधारात ओट्याशी उभे होतो. म्हणाले, आता काय आरती चाललीय का? आम्ही दोघांनीही त्यांना काही सांगितलं नाही.

आज सकाळी त्याने माझ्यासमोर तो छोटा कप ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, ‘परवा घाबरली होतीस का?’ मी हो म्हटलं. त्याने मान हलवली. तो समजला, चक्कीला घाबरले. मी त्याला तसं समजू दिलं. घाबरले मी त्याला होते, नाना. त्याच्या बोटांपेक्षा त्याच्या रुसण्याला जास्त, इतकी की त्याची बोटं आत असताना मी घरभर चालत गेले आणि एक शब्द बोलले नाही. लाइट मध्ये आली नाही ही माझी हुशारी नव्हती. हे तुम्हाला लिहून काय उपयोग, हे मला कळतं. ज्याला सांगायचं तो भिंतीपलीकडे बसून कोणाशी तरी फोनवर बोलतोय, बहुतेक नोकरीचंच असावं, आणि त्याचं दार उघडं आहे. पण तुम्हाला लिहिणं सोपं जातं. तुम्ही ऐकता ऐकता उठून आत जात नाही.